शुक्रवारी पांढरे राहिलेले पान

न्जोला संशोधन केंद्र
गुरुवार, २८ ऑक्टोबर २००४

मावशी,

आधी चूक दुरुस्त करते, खुशाली नंतर. ऑगस्टच्या पत्रात मी तुला लिहिले होते की आमच्या केंद्राचा एक्केचाळीस नंबरचा नवा मका, जो या वर्षी तुमच्याकडे पेरायला येणार आहे, तो दुष्काळाला घाबरत नाही, कारण पाणी तोडले तरी त्याचे पान तपकिरी होत नाही, पांढरेच राहते. यातले ‘पांढरेच राहते’ एवढे खरे आहे. ‘घाबरत नाही’ हे मी माझ्या मनाने लिहिले, आणि ते चुकीचे आहे. कदाचित उलटेच आहे. ते पत्र तू बायकांच्या मंडळात वाचून दाखवले होतेस, तसे हेही दाखव. शक्य तितक्या लवकर दाखव.

काय झाले ते सांगते. आमच्याकडे सोमवारी कुंड्यांचे पाणी तोडतात. मग मी रोज प्रत्येक झाडाच्या पानाची एक टिकली पाडते, ती रंगाच्या पाण्यात भिजवते आणि नंतर स्पिरिटमध्ये उकळते. हिरवा रंग निघून जातो, टिकली कागदासारखी पांढरी होते. पानात जिथे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झाले असेल तिथे मात्र चहा सांडल्यासारखा डाग राहतो. (हे तेच औषध, ज्याने दवाखान्यातली नर्स तुझी टाच धुवायची. फेस यायचा ते. झाड संकटात सापडले की स्वतःच ते बनवते.) जितका डाग तितका त्रास, असे आमच्याकडे मानतात. शुक्रवारी दुपारी आमचे माळी मुदेंदाकाका नळ सोडतात, कारण शनिवार-रविवार कोणी कामाला नसते. अहवाल शुक्रवारपर्यंतचा. तीन वर्षे असेच चालले आहे आणि मला त्यात कधी काही खटकले नाही, हेही लिहून ठेवते.

गेल्या शुक्रवारी, २४ ऑक्टोबरच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीसाठी, काकांची बस दुपारीच सुटली आणि नळ सोडायचा राहून गेला. सोमवारीही सुट्टी होती, म्हणून थेट मंगळवारी सकाळी मी जाळीघराचे दार उघडले. आठ कुंड्यांत एक्केचाळीस, आठ कुंड्यांत तुझा मका, मी जूनमध्ये तुझ्या चुलीवरून काढून आणलेल्या कणसांचा. तुझ्या मक्याची पाने विडीसारखी गुंडाळलेली होती, राखाडी, बघवत नव्हती. एक्केचाळीसची पाने मोकळी पसरलेली होती, आणि मेलेली होती. हात लावला तर सुक्या तंबाखूसारखी मोडली. मी टिकल्या पाडल्या. शुक्रवारी कोऱ्या पांढऱ्या असलेल्या एक्केचाळीसच्या टिकल्या या वेळी काठापासून काठापर्यंत काळपट तपकिरी निघाल्या.

मग मी सगळ्यांना पाणी दिले. आज तुझ्या आठांपैकी सात झाडांनी पान उलगडले आहे. एक्केचाळीसच्या आठांपैकी एकानेही नाही.

हे एकदाच झाले आहे, आणि फक्त सोळा कुंड्या आहेत. माझी चूक असू शकते. आमचे प्रमुख हामुसोंदे सर यांना मी अजून सांगितलेले नाही. माझा करार डिसेंबरमध्ये संपतो आणि तो वाढवणे त्यांच्या हातात आहे. पण भीती तेवढीच नाही. एक्केचाळीस ही त्यांची अकरा वर्षांची मेहनत आहे, आणि ते माझ्याशी कधी वाईट वागलेले नाहीत.

एकच विचारते. जुन्या बियाण्याची कणसे अजून सगळ्यांच्या चुलीवर धुरात टांगलेली आहेत ना?

तुझी
ल्वेंडो


सियाम्वेला
मंगळवार, २ नोव्हेंबर

ल्वेंडो पोरी,

पत्र मिळालं. बसच्या ड्रायव्हरनं पोचवायचे सहा आंबे घेतले. तुझी पत्रं जड असतात म्हणतो.

हे सगळं मी माझ्या हातानं लिहितेय. प्रौढ वर्गाच्या बाई मला म्हणतात, चोल्वेची आई, तुमचं अक्षर आता कोंबडीच्या पायापेक्षा बरं आहे. पण वेळ लागतो, म्हणून थोडक्यात लिहिते.

तू सात वर्षांची असताना शेजारच्या वाडीतून शेंगा आणल्यास. घरी येऊन मोजल्यास. तीन जास्त निघाल्या. उन्हात परत गेलीस तीन शेंगा द्यायला. ती बाई अजून हसते. तू अशीच आहेस. चूक नसली तरी शोधतेस. आठ कुंड्या मेल्या म्हणून काय झालं? कुंडी म्हणजे शेत नव्हे. माळ्यानं पाणी दिलं नाही तर काहीही मरेल, मीसुद्धा.

हे पत्र मी मंडळात वाचलं नाही. सव्वीस बायका आहेत. ऑगस्टमध्ये तुझं पत्र वाचलं तेव्हा त्या उठून नाचल्या. आपल्या घरची मुलगी पान उकळून सांगते, तर मग खरंच असणार, असं म्हणाल्या. आता मी कोणत्या तोंडानं सांगू की पोरगी म्हणते कदाचित?

माझी कणसं आहेत चुलीवर. काळजी करू नकोस. बाकीच्यांच्या घरात मी डोकावत नाही.

तुझा साहेब तरस कुळाचा आणि आपण शेळी कुळाचे. कुळांच्या रीतीप्रमाणे तो तुला चिडवतो का? तू काय उत्तर देतेस ते लिही. लोकांना सांगायला मजा येईल.

जेवत जा.

मावशी


न्जोला
सोमवार, ८ नोव्हेंबर

मावशी,

तुझी कणसे चुलीवर आहेत हे वाचले आणि कितीतरी दिवसांनी मी पोटभर मक्याच्या पिठाची न्शिमा खाल्ली. पण बाकी पत्र वाचून झोप गेली.

मी पुन्हा करून पाहिले. या वेळी चोवीस कुंड्या, अर्ध्या एक्केचाळीसच्या, अर्ध्या तुझ्या मक्याच्या. पाणी शुक्रवारी, २९ तारखेला तोडले आणि दहा दिवस तोडलेलेच ठेवले. त्यासाठी मुदेंदाकाकांकडे शनिवार-रविवारची किल्ली मागावी लागली.

“सुट्टीच्या दिवशी झाडांना भेटायला जाणारी मुलगी मी पहिल्यांदा बघतोय,” काका म्हणाले. “तुला नवरा नाही तो यामुळेच.”

“काका, नळ सोडू नका. शुक्रवारी सवयीने सुद्धा नको.”

“मरतील की.”

“कोणती मरतात तेच बघायचंय.”

त्यांनी किल्ली दिली, पण माझ्याकडे असे बघितले, जणू मी कोणाला विष घालायला निघाले आहे.

आता जे दिसले ते सांगते. पानाला खालच्या अंगाने बारीक तोंडे असतात. तिथून पाणी वाफ होऊन जाते. आमच्याकडे ती बघायची युक्ती सोपी आहे. पानाला बिनरंगाचे नेलपॉलिश लावायचे, सुकले की सोलून काढायचे आणि भिंगाखाली ठेवायचे. तोंडांचा ठसा उमटलेला असतो, उघडी की मिटलेली ते दिसते. तुझ्या मक्यात तिसऱ्या दिवशी त्या तोंडांच्या ओठांवरच अगदी पुसट तपकिरी डाग आला, आणि त्याच दिवशी तोंडे मिटली. दुसरी एक खूणही मी बघितली. नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू, वीज कडाडते तेव्हा आकाशात होतो तोच, पानात अंशभर तयार होतो. निळ्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकात एका रंगामुळे तो हिरवा चमकतो. तुझ्या मक्याच्या ओठांवर तोही चमकला. तो आणि पेरॉक्साइड, दोघे मिळून पानाला सांगतात की पाणी संपत आहे, तोंड मिट. म्हणजे तो पुसट डाग त्रासाचा नव्हता. ती हाक होती.

एक्केचाळीसमध्ये तिसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी काही नाही. सगळी तोंडे सताड उघडी. ते झाड पाणी पीत राहिले, वाढत राहिले, शुक्रवारपर्यंत सगळ्यांत देखणे दिसत राहिले. आठव्या दिवशी कुंडीत पाण्याचा थेंब उरला नाही आणि तेच पेरॉक्साइड एकदम इतके उसळले की त्यानेच पान जाळले. थोडे असले की हाक, फार झाले की आग. बारापैकी बारा मेली. तुझ्या बारांपैकी दोन मेली.

मला जास्त भीती वाटते ती पुढच्या गोष्टीची. आम्ही दर वर्षी सर्वांत पांढरी पाने असलेली झाडे निवडून पुढचे बी धरले. म्हणजे दर वर्षी न बोलणारे झाड निवडत गेलो. तीन वर्षे त्या टिकल्या मी पाडल्या आहेत.

गुरुवारी मी सरांच्या दाराशी गेले. मला बघताच ते मोठ्याने म्हणाले, “ये शेळे, ये! आज तरस उपाशी आहे, डबाही विसरलाय!” टंकलेखक बाई हसल्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबले. मी मान खाली घातली आणि “नंतर येते, सर” म्हणाले. तू विचारलेस मी काय उत्तर देते. हेच. तीन वर्षे ते रोज चिडवतात आणि मी एकदाही उत्तर दिलेले नाही. ज्याने मला पोटापाण्याला लावले त्याला मी काय बोलणार?

मग मी तोवरचे सगळे आकडे एका कागदावर लिहून त्यांच्या फाइलमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी फाइल परत आली. कागदाच्या बाहेरच्या बाजूला सही होती आणि “पाहिले” असे लिहिले होते. कागद घडी घातलेला होता तसाच होता. माझी घडी मी ओळखते.

बियाण्याची लॉरी सियाम्वेलाला शनिवारी, २० तारखेला येणार आहे. सर स्वतः येणार आहेत. खरे सांग, किती घरांत जुने बी उरले आहे?

ल्वेंडो


सियाम्वेला
रविवार, १४ नोव्हेंबर

ल्वेंडो,

मी खोटं लिहिलं होतं. माझी कणसं चुलीवर नाहीत.

ऑगस्टमध्ये तुझं पत्र वाचलं त्या संध्याकाळी बायका म्हणाल्या, नवं बी येणार पण जुनं सोडायला भीती वाटते, चोल्वेची आई, तू काय करतेस? मी सगळ्यांसमोर शिडी लावली. कणसं खाली घेतली. उखळात घातली. धुराचा वास होता पिठाला. त्याची न्शिमा करून सगळ्यांना वाढली. म्हटलं, माझ्या लेकीनं सांगितलंय. मग एकेकीनं आपापली कणसं काढली. तुझं पत्र आम्ही शिजवून खाल्लं, पोरी.

तुला सांगितलं नाही, कारण तू रडशील हे माहीत होतं. आता रड आणि मग पुढचं वाच.

काल मंडळात दोन्ही पत्रं वाचली. एक अक्षर सोडलं नाही. कोणी नाचलं नाही. मग घरं मोजली. सात घरांत अजून बी आहे. सातांचं सव्वीसांत वाटलं तर एका घराला दोन-दोन कणसं. ब्याण्णवच्या साली कोणाच्या घरात काहीच नव्हतं. आम्ही रानातली कंदमुळं खणली आणि एक दिवसभर उकळली तरी कडूच लागली. तुझी आई तेव्हा गेली. तुला सगळं आठवत नसेल. मला आठवतं.

पण ऐक. सात घरांतल्या बायका बी द्यायला तयार नाहीत. म्हणतात, पोरीनं एकदा असं लिहिलं, एकदा तसं. तिसऱ्यांदा काय लिहील? आम्ही कागद ऐकणार नाही. बी करणारा माणूस स्वतः तोंडानं म्हणू दे, की माळावर हे पेरू नका. बी वाटणाऱ्या सोसायटीचे पुरुष तर लॉरीसाठी कमान बांधतायत. सरपंच गाय कापणार म्हणतात.

आता तुझ्या साहेबाचं. तू तीन वर्षं मान खाली घालतेस? पोरी, तुला मी काय शिकवलं? तरसानं शेळीला डिवचलं आणि शेळी गप्प बसली तर तो शेळीचा मान नाही, तो तरसाचा अपमान आहे. त्याला वाटत असेल, ही शाळा शिकलेली, मला आपलं समजत नाही. तो रोज दार वाजवतो आणि तू उघडत नाहीस.

तुझे मावसोबा गेले तेव्हा तरस कुळाचे चौघं आले होते. एक जण खणलेल्या खड्ड्यात उतरून आडवा झाला. म्हणाला, ही शेळी फार वाळकी निघाली, आम्हाला नको, परत घ्या. मग उठून सगळ्यांसमोर म्हणाला, हा दारूनं मेला आणि तुम्ही सगळे त्याला पाजत होता. भावकीतल्या कोणी ते म्हटलं असतं तर कुऱ्हाडी निघाल्या असत्या. तरसानं म्हटलं म्हणून लोक हसले. हसता हसता रडले. आणि त्या वर्षी गावात दारू कमी झाली. जे घरचं कोणी बोलू शकत नाही ते बोलायलाच तर दुसरं कूळ असतं.

तेव्हा तू ये. कागद घालू नकोस कोणाच्या फायलीत. लोकांसमोर त्याला शिवी घाल. शेळीच्या शिवीवर तरस रागावला तर त्याला सगळ्या गावाला कोंबडी द्यावी लागेल, हे त्यालाही माहीत आहे. तू गप्प राहिलीस तर त्या मक्यात आणि तुझ्यात फरक काय?

प्यायला चिब्वांतू आंबवायला ठेवते. शिवी घालायला घसा ओला लागतो.

मावशी


न्जोला
बुधवार, १७ नोव्हेंबर

मावशी,

रडले. मग वाचले. मग पुन्हा तेच केले.

त्या पिठाला धुराचा वास होता, हे वाक्य डोक्यातून जात नाही. मी ‘घाबरत नाही’ हे दोन शब्द लिहिले तेव्हा मला ते छान वाटले होते. तुला आवडतील म्हणून लिहिले होते. आकड्यांत ते कुठेच नव्हते. ही चूक माझी आहे, सरांची नाही, आणि त्या दिवशी मी आधी तेच बोलणार आहे.

मी घाबरले आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. आज टिकली पाडताना दोनदा माझेच बोट चिमटले. करार जाईल. कदाचित कोणी हसणार नाही आणि कमानीखाली मी एकटी उभी असेन. कदाचित या वर्षी भरपूर पाऊस पडेल, एक्केचाळीस डोक्याच्याही वर जाईल आणि लोक म्हणतील, त्या वेड्या मुलीने सव्वीस घरांना दोन-दोन कणसांवर अडवले. हे होऊ शकते. मला पाऊस माहीत नाही. मला फक्त चाळीस कुंड्या माहीत आहेत. म्हणून मी एवढेच म्हणणार आहे: एक्केचाळीस ओढ्याकाठच्या ओल्या जमिनीत पेरा, माळावर पेरू नका, माळ जुन्या बियाला ठेवा, आणि जी सात घरे उरली त्यांतले बी कोणी दळू नका. याहून जास्त मला ठाऊक नाही आणि याहून कमी मी बोलणार नाही.

शिवी जमेना. ‘आंधळा तरस’ म्हणावे असे वाटले, पण सर आंधळे नाहीत. ‘लबाड’ म्हणावे, तर तेही खोटे. शेवटी आज दुपारी मुदेंदाकाकांना विचारले. ते हत्ती कुळाचे, दोघांच्या मध्ये नाहीत.

“काका, तरसाला खोटं न बोलता कसं चिडवायचं?”

त्यांनी झारी खाली ठेवली. “तीन वर्षांनी विचारतेस होय! बाई, त्या माणसानं मला एकदा विचारलं होतं, मुदेंदा, या पोरीला मी आवडत नाही का? मी म्हटलं, साहेब, ती झाडांशीसुद्धा बोलत नाही, फक्त त्यांना भोकं पाडते.”

“मग काय म्हणू?”

“जे घडलं तेच म्हण की. तरस शुक्रवारी झोपला. नळ कोण सोडतं? मी. सांगतं कोण? तो. माझं नावही घाल हवं तर. हत्तीला काय लागतंय.”

काका समोर असतानाच मी शिवी पाठ केली. तुला लिहून ठेवते, कारण ऐन वेळी माझा आवाज गेला तर तू सुरुवात करून दे:

‘अरे तरसा, शुक्रवारी तुझं पोट भरतं आणि तू दार लावून घोरतोस. मंगळवारी कोण मेलं ते बघायला शेळीच जागी असते. माझ्या मावशीनं बी शिजवून खाल्लं तुझ्या शुक्रवारावर. आता उठ, आणि मंगळवार बघ.’

आणि मग मी मंगळवार दाखवणार आहे. दोन कुंड्या बरोबर आणते, एक एक्केचाळीसची आणि एक तुझ्या मक्याची. आणखी दोन नेलपॉलिशचे ठसे, आणि भिंग. सही करून घेतले आहे, चोरून आणत नाही. हे पत्र न्यायला थांबलेल्या बसच्या ड्रायव्हरला आत्ताच सांगितले की कुंड्यांचे दोन जागांचे भाडे देईन. तो म्हणाला, “एकीत तर मेलेलं झाड आहे.” मी म्हटले, “तिचंही घे.” तो हसला. माझ्या बोलण्यावर कोणी हसल्याची ही बहुतेक पहिलीच वेळ असेल.

सरांना आज सकाळी तोंडाने सांगितले की शनिवारी मीही सियाम्वेलाला येणार आहे, आणि तिथे एक गोष्ट बोलणार आहे जी फाइलमध्ये आहे. लपून वार करायचा नव्हता. ते चष्म्यावरून बघत राहिले. मग म्हणाले, “शेळी बोलणार? मग तरसाला यावंच लागेल.” ते हसत होते की नाही, मला कळले नाही. दुपारी टंकलेखक बाई म्हणाल्या, सरांनी ती फाइल मागवून घेतली आहे आणि जेवायलाही उठले नाहीत. याचा अर्थ मी लावत नाही. अर्थ लावूनच मी एकदा चुकले आहे.

त्या सात घरांना एवढा निरोप दे: मी बोलून होईपर्यंत शिडी लावू नका. आणि तू पुढच्या रांगेत बस, मला तुझे तोंड दिसेल अशी.

शुक्रवारच्या बसने निघते. बोलेन ती शनिवारी, २० नोव्हेंबरला, लॉरीची मागची फळी उघडायच्या आधी.

ल्वेंडो